झोका पोरीचा, दोर मोठ्यांचा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात निंबाला झोके लागतात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तरी माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांच्या धाकट्या बहिणी ऊन कललं की झाडाखाली जमतात. दोघी समोरासमोर उभ्या राहून, गुडघ्यात वाकत झोका चढवतात. वरच्या डहाळीला पाय लागला की खाली एकच गलका. एरवी पोरींनी अंगणाबाहेर फार रेंगाळू नये म्हणणारी घरंही त्या दिवशी गप्प असतात. दोर मात्र आधी कुणीतरी मोठ्या माणसाने लोंबकळून पाहिलेला असतो.

मुलांना धोका पत्करू द्यावा का, या वादाची सगळी गोम त्या लोंबकळण्यात आहे. फांदी आणि दोर मोठ्यांनी बघायचा. किती उंच जायचं ते पोरीने. तिला उंची दिसते, पोटात गोळा येतो, त्यावरून ती वेग ठरवते. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये हेच मांडलं: मुलाला ओळखता येईल, तोलता येईल अशी जोखीम खेळात असू द्या, त्याच्या ध्यानातच येणार नाही असा अपाय तुम्ही दूर करा.

अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातली आई पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. तो मार आज कुणाला पटणार नाही, पटूही नये. पण विहिरीवर पोहणारी माणसं आहेत, हे त्या आईला ठाऊक होतं.

गिरणा नदीकाठच्या आजच्या आईला कसला भरवसा? वाळूउपशाने पात्रात खड्डे पडलेत. पाणी आलं की वरून सगळं सपाट. गुडघाभर पाण्यातून टाकलेलं पुढचं पाऊल पुरुषभर खोलीत जातं. तिथे पोराचं धाडस काय कामाचं? जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गावर सायकल चालवणाऱ्या पोराने कितीही सांभाळलं, तरी मागून येणारा ट्रक त्याच्या हातात नसतो.

म्हणून ‘हल्लीचे पालक भित्रे’ ही तक्रार अर्धीच खरी. झाडावर चढू न देणारे पालक चुकतात. नदीवर जाऊ न देणारे बहुतेक वेळा बरोबर असतात. पोरांना सायकल मोकळी करायची तर महामार्गाला समांतर धड रस्ते लागतील. नदी मोकळी करायची तर वाळू उचलणाऱ्यांकडून खड्डे बुजवून घ्यावे लागतील, आणि ते पूर येण्याआधी.