मालकी पेटीची, वहिवाट आकाशाची

जिची मालकी सर्वस्वी आपली, परंतु जिचा उपयोग सर्वस्वी दुसऱ्यांच्या सौजन्यावर अवलंबून, अशी वस्तू संसारात विरळाच. सिटिझन्स बँडचा जुना बेस स्टेशन रेडिओ ही त्यांपैकी एक होय. अमेरिकेने 1958 साली 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा लहरींचा पट्टा सामान्य नागरिकांच्या संभाषणास मोकळा केला आणि 1977 पासून त्यातील चॅनेलांची संख्या 23 वरून 40 वर नेली. त्या काळचा ब्राउनिंग कंपनीचा गोल्डन ईगल हा व्हॉल्व्हचा संच पाहावा: ऐकण्याची पेटी निराळी, बोलण्याची निराळी, व्हॉल्व्ह तापेपर्यंत धीर धरावयाचा, आणि माइकचे बटण दाबताच ऐकणे बंद. बोलणारा तेवढ्यापुरता बहिरा होतो, आणि दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही शब्द विरून नुसती शिट्टी उरते.

यंत्राच्या या मर्यादेतच त्याची नीती सामावलेली आहे. चॅनेल हे गावच्या गायरानासारखे. तेथे कोणाचा सातबारा नाही, परंतु वहिवाट सर्वांची. म्हणूनच आधी ऐकावे, मग थोडक्यात बोलावे, आणि संकटग्रस्तांसाठी राखलेले नववे चॅनेल मोकळे सोडावे, असा शिष्टाचार तेथे रूढ झाला.

आपल्याकडे 1933 च्या कायद्याने बिनतारी संच नुसता जवळ बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरविला. पुढे 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, आणि 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्यावाचून बोलण्याची मुभा मिळाली. मात्र शक्ती 5 वॅटपर्यंत आणि अँटेना संचातच अंतर्भूत हवी. तारापूरजवळच्या सरावलीतील एखाद्या छपरावर पावणेतीन मीटरचा दांडा उभारून जुन्या बेस संचावर बोलू इच्छिणाऱ्यास ही मुभा अपुरी आहे. हे बंधन मी अन्याय्य मानीत नाही, कारण सामाईक मालमत्तेस पहारा लागतोच. परंतु मालक म्हणून ज्याचे नाव घेतले, त्या नागरिकास आपल्या मालमत्तेचा वापर शिकविणे हेही सरकारचेच कर्तव्य होय.

सरावलीच्या परिसरात तर या शिकवणीची निकड अधिक आहे. एका बाजूस तारापूरचे कारखाने आणि 1969 पासून चालू असलेले अणुविद्युत केंद्र, उत्तरेस नोव्हेंबर 2018 पासून वारंवार हादरणारा डहाणू-तलासरीचा मुलूख, पश्चिमेस समुद्र. तेथे जाणारे सातपाटीचे मच्छीमार व्हीएचएफ वायरलेसची किंमत जाणतात. संकटाच्या हाकेसाठी सोळावे चॅनेल मोकळे ठेवण्याचे मोल त्यांस कोणी समजावून द्यावे लागत नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविले, तेही परवानाधारक सामान्य नागरिकच होते. तेव्हा जुना संच ज्याने प्रेमाने जतन केला आहे, त्याने हौशी रेडिओची परीक्षा देऊन रीतसर परवाना घ्यावा, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने असा एक तरी प्रशिक्षित माणूस गावात असेल अशी तजवीज करावी. मालमत्ता सार्वजनिक असल्याचा निर्वाळा न्यायालय देऊ शकते. तिची सार्वजनिक वहिवाट मात्र नागरिकांनाच राखावी लागते.