समदुःखी मनुष्याचा शब्द

जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारात रोग्यास धीर कोणी द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. निरोगी शेजारी 'काळजी करू नका' म्हणून आपल्या शेताकडे निघून जातो. त्याच व्याधीने पीडिलेला दुसरा मनुष्य मात्र 'या गोळीने आरंभी मळमळते, पुढे थांबते' एवढेच सांगतो, आणि रोग्याची रात्र निभावते.

हे सरकारासही पटले आहे. १ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह सहा राज्यांतील आठ सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली. पुढे अशा केंद्रांत समन्वयकाची एक जागा या रोगाने बाधित व्यक्तीसाठीच ठेवण्यात आली. ज्या रोगापायी मनुष्याची चाकरी जात असे, तोच येथे चाकरीची पात्रता ठरला! कारण ही औषधे नित्य घ्यावी लागतात. मध्ये खंड पडला तर विषाणू बळावतो व पुढे तेच औषध त्यावर चालेनासे होते. जो स्वतः वर्षानुवर्षे गोळी घेत आला, त्याचा शब्द येथे अधिक लागू पडतो.

परंतु 'मी गोळ्या सोडल्या, काढा घेतो, मला काही झाले नाही' असे सांगणाराही समदुःखीच असतो, आणि त्याचाही शब्द तितकाच खरा वाटतो. आमच्या मते, दिवस कसे काढावेत हे त्यास विचारावे. औषध कोणते घ्यावे हे वैद्यास.

याहून अवघड गोष्ट गुप्ततेची. राहात्यासारख्या गावी कोण कोणत्या गाडीत चढला, हे बाजारात सर्वांस ठाऊक असते. बाधिताच्या संमतीवाचून त्याचा रोग उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण कायदा पारावर येऊन बसत नाही. आणि आम्ही उपदेशक मंडळी तरी काय करितो? सभेत नाव घेऊन, रोगही सांगून प्रार्थना मागतो, व त्यास प्रेम म्हणतो. रोग्याने तसे सांगितले नसेल, तर तो त्याचा विश्वासघात होय.

समजा, एका बाधित विधवेने आम्हांस विचारिले, 'माझ्यासारखे आणखी कोणी आहे काय?' आम्हांस एक मनुष्य ठाऊक आहे. तरी प्रथम त्यास एकांती गाठून विचारिले पाहिजे. तो 'नको' म्हणाला, तर असा कोणी आहे हेदेखील तिला कळू देता कामा नये. ती एकाकी घरी परत जाईल, हे जाणूनही.