संयोगाचे अधिष्ठान : हिवाळी टायर आणि वैशेषिकांचा एक प्रश्न

एखादा गुण नेमका कोठे राहतो, हा प्रश्न वैशेषिक दर्शनाने जितक्या चिकाटीने विचारला तितका तो क्वचितच कोणी विचारला असेल. समोरच्या वस्तूचे द्रव्य कोणते, त्या द्रव्याच्या आश्रयाने कोणते गुण राहतात, आणि त्यांतला प्रत्येक गुण द्रव्याला सर्वांगाने व्यापतो की त्याच्या एखाद्याच भागाशी असतो, अशी ही चौकशी असून ती शतकानुशतके घट आणि पट याच उदाहरणांवर चालत आली आहे. तीच चौकशी मोटारीला लावली तर ती अधिक अवघड होते, कारण मोटारीचा वेगवानपणा हा असा गुण आहे की जो जाहिरातीत इंजिनाच्या नावावर मांडला जातो, नोंदणीच्या कागदात कोठेही येत नाही, आणि रस्त्यावर मात्र चार टायरांच्या तळाशी ठरतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या चौकशीला सोयीचा आहे, कारण तेथे मोटार अखंड वस्तू म्हणून दिसण्याआधी सुट्या भागांच्या रूपात दिसते. पिंपरीत टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना १९६६ मध्ये उभा राहिला. त्याच्याच आवारात १९९५ पासून जुळवल्या जाणाऱ्या मर्सिडीज गाड्या २००९ मध्ये चाकणच्या स्वतंत्र कारखान्यात गेल्या, त्याच वर्षी फोक्सवागेनचा कारखानाही चाकणला सुरू झाला, आणि २०१३ पासून तेथे ब्रिजस्टोनचे टायर तयार होऊ लागले. मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान मालिकेतली जीएलसी ४३ कूपे ही गाडी २०२० पासून चाकणला जुळवली जाऊ लागली. या कारखान्यांतले मराठी अभियंते कामानिमित्त श्टुटगार्टला किंवा वोल्फ्सबुर्गला राहू लागले की त्यांना एक अपरिचित रिवाज भेटतो : तेथे पुष्कळ गाड्यांना चाकांचे दोन संच असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा, आणि ते साधारणपणे ऑक्टोबरात आणि ईस्टरच्या सुमारास अदलाबदल केले जातात. जर्मनीत २०१० पासूनच्या स्पष्ट नियमानुसार बर्फ, हिम किंवा त्यांचा चिखल रस्त्यावर असेल तर योग्य टायरांवाचून गाडी चालवता येत नाही, आणि योग्य टायर कोणता हे त्याच्या कडेवर कोरलेल्या पर्वत आणि हिमकण या चिन्हावरून ओळखले जाते.

साध्या गाडीच्या बाबतीत ही निवड फारशी कठीण नसते. वेगवान गाडीच्या बाबतीत मात्र तिला थोडे वैराग्याचे वळण लागते. अशा गाडीला कारखान्यातून मोठ्या व्यासाचे रिम आणि त्यावर रुंद, बुटक्या कडेचे टायर मिळालेले असतात, आणि कोरड्या, उबदार रस्त्यावर तिचे वळणावरचे सामर्थ्य त्यांतूनच येते. हिवाळ्यासाठी जाणकार याच्या उलट सुचवतात : रिम एक-दोन इंच लहान, टायर थोडा अरुंद आणि त्याची कड उंच. अरुंद टायर बर्फाचा चिखल कमी रुंदीने कापत जातो आणि त्यावर तरंगण्याची शक्यता घटते, तर उंच कड बर्फाखाली दडलेल्या खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत पोचू देत नाही. रिम किती लहान करता येईल याची मर्यादा ब्रेकचे कॅलिपर ठरवतात, कारण वेगवान गाडीचे ब्रेकही मोठे असतात आणि लहान रिम त्यांना घासू शकते. बोल्टांचे वर्तुळ, मधले छिद्र आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या पृष्ठापर्यंतचे अंतर, ही मापे जुळावी लागतात. टायरचा एकूण परिघही जवळजवळ तोच ठेवावा लागतो, नाहीतर वेगमापक चुकीचे सांगू लागतो. ही सगळी मापे सांभाळून मालक जे करतो ते मात्र असे असते की ज्या रूपासाठी गाडी घेतली तेच रूप चार-पाच महिने गुंडाळून तळघरात ठेवतो.

मग हिवाळ्यातली ती गाडी तीच गाडी असते काय? या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उत्तर रथाच्याच उदाहरणातून दिलेले आहे. पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला मिनँडर, रथात बसून आल्याचे सांगतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे दांडा काय, आस काय, चाके काय; आणि प्रत्येक प्रश्नाला नकार मिळाल्यावर तो दाखवून देतो की ‘रथ’ हे भागांच्या आधाराने वापरले जाणारे केवळ एक नाव आहे, त्यामागे वेगळी वस्तू नाही. (पिंपरीहून लोणावळ्याच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या भाजे येथील लेण्यात सामान्यतः सूर्याचा म्हणून ओळखला जाणारा रथ कोरलेला आहे, आणि जवळच्याच कार्ले येथील खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत, तेव्हा मिलिंद आणि त्याचा रथ या परिसराला अगदीच परके नाहीत.) नैयायिकांना हे उत्तर मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयव एकत्र आले की ‘अवयवी’ नावाचे नवे, खरे द्रव्य उत्पन्न होते, आणि त्याचा एक पुरावा गौतमाच्या न्यायसूत्रांत धारण आणि आकर्षण असा दिलेला आहे : एक भाग धरून ओढला तरी संपूर्ण वस्तू ओढली जाते, आणि नुसत्या ढिगाऱ्याच्या बाबतीत असे होत नाही. बंद पडलेली गाडी एका हुकाला दोर बांधून ओढून नेणाऱ्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही.

नैयायिकांना याची किंमतही मोजावी लागली. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे त्यांना मानावे लागले. फाटलेल्या वस्त्राच्या उदाहरणावरून या नव्या द्रव्याला ते ‘खंडपट’ म्हणत. या हिशोबाने ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी गॅरेजमधून बाहेर पडणारी गाडी आत गेलेली गाडी नव्हे. परिवहन कार्यालय हे मानणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने गाडीची ओळख चॅसी क्रमांकात आणि इंजिन क्रमांकात आहे आणि टायर हा झिजून टाकून देण्याचा भाग आहे. व्यवहाराला कार्यालयाचेच म्हणणे सोयीचे असले तरी त्यातून एक विचित्र स्थिती निर्माण होते : गाडीची ओळख जेथे नोंदली आहे तेथे तिचा वेगवानपणा नाही, आणि वेगवानपणा जेथे आहे तो भाग ओळखीतून वगळलेला आहे.

हिवाळी टायर फक्त पुढच्या दोन चाकांना बसवण्याची काटकसर या वादात नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते. अशा गाडीची पुढची चाके बर्फावर चांगली पकड घेतात, पण मागची घेत नाहीत, आणि वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी मागून फिरते. सुटे पाहिले तर दोन भाग सुधारलेले आहेत आणि दोन पूर्वीसारखेच आहेत, म्हणजे बेरीज वाढलेली आहे. संपूर्ण गाडी मात्र पूर्वीपेक्षा धोकादायक झालेली आहे. भागांच्या गुणांची नुसती बेरीज करून जे सांगता येत नाही ते संपूर्ण गाडीच्या बाबतीत खरे ठरत असेल, तर संपूर्ण गाडी हे केवळ नाव आहे असे म्हणणे अवघड जाते. नागसेनाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की हा नवा धोका भागांच्या परस्परसंबंधातून आला, वेगळ्या द्रव्यातून नव्हे. आणि हा आक्षेप कमी वजनाचा नाही. म्हणूनच वाद अवयवीवर थांबवण्याऐवजी संबंधाकडे वळवणे अधिक फलदायी ठरते, आणि येथे वैशेषिकांची सामग्री अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

वैशेषिकांच्या चोवीस गुणांत ‘संयोग’ हा एक गुण आहे. दोन वेगळी असलेली द्रव्ये एकमेकांना भिडणे म्हणजे संयोग. तो एकाच वेळी दोन्ही द्रव्यांच्या आश्रयाने राहतो, आणि तो ‘अव्याप्यवृत्ति’ असतो, म्हणजे आपल्या आश्रयाला सर्वांगाने व्यापत नाही. शास्त्रातले नेहमीचे उदाहरण झाडावरच्या माकडाचे आहे : माकडाचा संयोग फांदीपाशी आहे, मुळाशी नाही, आणि तरी तो त्या झाडाचाच संयोग आहे. दीड-दोन टन वजनाची मोटारही रस्त्याला चारच ठिकाणी भिडते, आणि त्यांपैकी प्रत्येक जागा तळहातापेक्षा फार मोठी नसते. प्रवेग, वळण आणि थांबणे या तिन्ही क्रिया त्या चार जागांमधूनच रस्त्याला कळतात, आणि त्या जागा गाडीचा अत्यल्प भाग असूनही तेथला संयोग सबंध गाडीचा ठरतो.

या संयोगाची प्रत टायरच्या मऊपणावर अवलंबून असते. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते. सुमारे ७ अंश सेल्सिअस ही टायर व्यवसायातली ढोबळ सीमारेषा आहे. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की ते थंडीतही लवचिक राहावे, आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा दिलेल्या असतात, ज्यांच्या कडा बर्फाला धरतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या आपल्या प्रवेशग्रंथावर स्वतःच लिहिलेल्या ‘दीपिका’ टीकेत एक शंका उपस्थित केली आहे : मऊपणा आणि कडकपणा यांची गणना चोवीस गुणांत का केलेली नाही? त्याचे उत्तर असे की ते स्वतंत्र गुण नाहीत, तर अवयवांच्या संयोगाचेच विशिष्ट प्रकार आहेत. रबराच्या बाबतीत हे उत्तर चपखल बसते. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेल्या आणि टायरच्या कारखान्यात आजही साच्यात उष्णता देऊन केल्या जाणाऱ्या व्हल्कनीकरणात गंधक रबराच्या लांब साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी बांधतो, आणि रबर किती कडक होईल हे त्या बंधांच्या दाटीवरही ठरते. यावरून अन्नंभट्टाला रसायनशास्त्र ठाऊक होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याच्यासमोर फक्त वर्गीकरणाचा प्रश्न होता, आणि तो त्याने नीट सोडवला, एवढेच म्हणणे योग्य आहे.

त्याच ग्रंथात ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना म्हणजे स्मृतीला कारण होणारा ठसा, आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली वस्तू ज्यामुळे पूर्वस्थितीला येते तो गुण. वेग आणि लवचिकता एकाच गुणाच्या पोटात घालणारी ही विभागणी प्रथम विक्षिप्त वाटते. पण थंडीने टायरची लवचिकता गेली की वेग असूनही त्याच्यावर ताबा राहत नाही, हे हिवाळी टायर निवडणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

चाकणला बर्फ पडत नाही, आणि पुण्याच्या थंडीतल्या एखाद्या पहाटे पारा खूप उतरला तरी दुपारचा रस्ता तापतो. त्यामुळे हिवाळी टायर येथे निरुपयोगीच नव्हे, तर उष्णतेत लवकर झिजणारा आणि ब्रेक लावताना लिबलिबणारा ठरेल. या पट्ट्याचा निर्णायक ऋतू पावसाळा आहे. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की वैशेषिकांच्या भाषेत ‘विभाग’ उत्पन्न होतो, आणि विभाग हा संयोगाचा नाश करणारा गुण आहे. नक्षीतल्या खाचा हे पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. मोटारीच्या टायरवर त्यांची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि रस्त्यावर पाणी साचलेले असताना एवढी खोली पुरेशी असतेच असे नाही. तरीही या भागातल्या अलॉयच्या दुकानांत ओघ उलट दिशेने वाहतो : रिम मोठी, टायर रुंद, कड आणखी बुटकी. जर्मनीतला मालक ऋतूपुढे रूप सोडतो आणि येथला हौशी मालक रूपापुढे ऋतू विसरतो, अशी तुलना करण्याचा मोह होतो. पण तेथल्या मालकाच्या संयमामागे कायदा उभा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. येथेही १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर नेणाऱ्या फेरबदलांना आळा घालते, परंतु पावसाळ्यासाठी वेगळा टायर हवा असे ते सांगत नाही.

या पट्ट्यातली पूजाही या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. खंडेनवमीला भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत लेथला हळदकुंकू वाहिले जाते, दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार चढतात, आणि नवी गाडी शोरूममधून निघताना तिच्या टायरांखाली लिंबे ठेवून ती चिरडली जातात. हार बॉनेटला, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या रूपाला मिळतो. लिंबू मात्र बरोबर संयोगाच्या जागी ठेवले जाते. हा विधी शास्त्रोक्त नाही आणि त्यामागे दृष्ट काढण्यापलीकडे कोणाचा काही विचार असेल असे मानण्याचेही कारण नाही. तरी गाडीचे भवितव्य कोठे ठरते याबद्दलचा त्याचा अंदाज नोंदणीच्या कागदापेक्षा अधिक अचूक आहे.

संयोग कसा उत्पन्न होतो याचेही वैशेषिकांनी प्रकार केले आहेत. दोन्ही द्रव्यांच्या हालचालीने होतो तो एक, आणि एकाच्याच हालचालीने होतो तो दुसरा. या दुसऱ्याचे उदाहरण म्हणून स्थिर वस्तूवर येऊन बसणारा ससाणा दिला जातो. गाडीचा रस्त्याशी संयोग याच दुसऱ्या प्रकारचा आहे : हालते ती गाडी, रस्ता स्थिर असतो. परंतु स्थिर असल्याने रस्ता आश्रय असण्यातून सुटत नाही. पकड टायरमध्ये जितकी आहे तितकीच ती डांबरात आहे. टायर निवडणारा या दोन आश्रयांपैकी एकच निवडू शकतो. जर्मनीत दुसऱ्या आश्रयाची काळजी मीठ टाकणारी आणि बर्फ हटवणारी यंत्रणा घेते. तळेगाव-चाकण मार्गावर, जेथे कारखान्यांतून निघालेले अवजड ट्रेलर आणि नव्या कोऱ्या गाड्या एकाच खड्ड्यातून जातात, तो आश्रय सार्वजनिक यंत्रणांच्या हाती आहे, आणि गाडीच्या अपघाताचा पंचनामा लिहिताना टायरच्या स्थितीसाठी जशी जागा ठेवली जाते तशी रस्त्याच्या स्थितीसाठीही ठेवली जावी, ही मागणी करायला वैशेषिक असण्याची गरज नाही. ती नाकारणाऱ्याला मात्र संयोग एकाच द्रव्यात राहतो हे आधी सिद्ध करावे लागेल.