आईच्या आईची चौकशी

1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयातून देशभरच्या विवाह-नोंदणी करणाऱ्या रब्बींना एक सूचना गेली. बेने इस्रायल समाजातल्या कुणाची समाजाबाहेरच्या ज्यू घराण्यात सोयरीक जुळली, तर त्या व्यक्तीच्या आईची, आईच्या आईची आणि जमेल तितकं मागे जाऊन त्या बाजूच्या पिढ्यांची चौकशी करावी. मध्येच कुणी परधर्मीय बाई घरात आली नव्हती ना, कुणाचा घटस्फोट धर्मशास्त्राला सोडून झाला नव्हता ना, याची खात्री पटल्याशिवाय लग्न लावू नये. सूचनेत नाव एकाच समाजाचं होतं. तो समाज पेण, अलिबाग, पनवेल, मुंबई, ठाण्याहून तिकडे गेला होता आणि घरात मराठी बोलत होता.

ही माणसं ज्यू आहेत की नाहीत, हा प्रश्न तोवर सुटायला हवा होता. 1950 च्या ‘परतीच्या कायद्या’नुसार त्यांना ज्यू म्हणूनच इस्रायलमध्ये प्रवेश मिळाला होता. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची बिऱ्हाडं लागली, पोरं लष्करात भरती झाली. पण 1953 च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या हाती सोपवले होते. राज्याने आपलं म्हटलेल्या माणसाला मांडवात उभं राहताना पुन्हा परकं ठरवायची सोय त्यातून झाली. कातडीचा रंग त्या सूचनापत्रात कुठेच लिहिलेला नव्हता. मात्र सरसकट चौकशी वाट्याला आली ती सावळ्या वर्णाच्या, भारतातून आलेल्या एका समाजाच्या, आणि त्याचा अर्थ लावायला त्यांना कुणा भाष्यकाराची गरज पडली नाही.

असा पुरावा कुठून आणायचा? कोकणात एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या एखाद्या पणजीच्या जन्माची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? या समाजाची आडनावंच बघा: दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर. प्रत्येक आडनाव गाव सांगतं, पण ते बापाचं. आईचं गाव लग्नाच्या दिवशी पुसलं जातं, तिचं माहेरचं नावही बहुतेकदा बदलतं, आणि दोन पिढ्यांत ती ‘अमक्याची आजी’ एवढीच उरते. जी बाजू आपण कधी लिहूनच ठेवली नाही, नेमका त्याच बाजूचा दाखला मागितला जात होता.

मला यात सर्वांत अन्यायाचं वाटतं ते हे, की ज्या बायकांवर संशय घेतला त्यांनीच हा धर्म टिकवला होता. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. कथेचा तपशील तपासता येत नाही. पण पुढची कित्येक शतकं या समाजाकडे ना रब्बी होता ना धर्मग्रंथ, आणि मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय उभं राहिलं ते 1796 साली, हा इतिहास आहे. त्याआधी धर्म होता तो घाण्यावर आणि चुलीपाशी. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पुरुषांचा धर्म गावाला दिसला तो असा. बाकीचा सगळा घरात होता. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. नव्याच्या सणाला गव्हाचा चीक काढून, तो नारळाच्या दुधात आटवून केलेला हलवा. दारफाळणीच्या सणाचा कडक उपास, बिरड्याचा सण. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलची आणि सभोवती मांडलेली फळं. यातलं एकही काम ग्रंथ वाचून होत नव्हतं. सासूने सुनेला दाखवलं, सुनेने लेकीला, आणि अशा हातांवरून तो धर्म विसाव्या शतकात पोचला. या हातांपैकी काही हात मुळात आगरी, कोळी, कुणबी घरांतून आले असतीलही. आले असतील तर त्यांनी परक्या घरात येऊन त्या घराचं व्रत आपल्या माहेरापेक्षा निष्ठेने सांभाळलं. अशा बाईचा मान करायचा की तिच्या पणतीला कठड्यात उभं करायचं?

1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेममध्ये येऊन धरणं धरून बसली. त्याआधी 1951-52 मध्येही, नोकरी आणि वागणुकीतल्या भेदभावाला कंटाळून, काही कुटुंबांनी धरणं धरून ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली होती आणि त्यांतली काही खरोखर परतलीही होती. या वेळी त्यांनी परत पाठवा म्हटलं नाही. आम्ही इथलेच आहोत हे मान्य करा, एवढंच म्हटलं. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने संसदेत भूमिका घेतली, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. महिनाअखेर सूचनेतून समाजाचं नाव वगळलं गेलं आणि ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असा मोघम मजकूर आला. धरणं यशस्वी झालं, हे खरंच. पण चौकशी उठली नाही, तिच्यावरचं नाव तेवढं गेलं.

इथवरची गोष्ट या समाजाबाहेरही सांगितली जाते. पुढची सांगायला जड जाते, पण ती टाळली तर आधीच्या अन्यायाबद्दल बोलण्याचा अधिकार आपण गमावतो.

कोकणात बेने इस्रायलांमध्येच दोन थर होते: गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. आईबाप दोन्हीकडून ‘शुद्ध’ समजले जाणारे ते गोरे. ज्यांच्या वंशात स्थानिक, बिगर-ज्यू आई असल्याचं मानलं जाई ते काळे. दोघांचा देव एक, शनिवार एक, पण रोटी-बेटी व्यवहार नाही. म्हणजे रब्बींनी 1962 साली विचारलेला प्रश्न कोकणातल्या गावांत पिढ्यान्पिढ्या विचारला जात होता, आणि उत्तरात गुन्हेगार ठरत होती ती आईच. ही रीत त्यांनी कुठून उचलली हे शोधायला दूर जायला नको. आजूबाजूचं सगळं गाव याच हिशेबाने चालत होतं. मुंबईत त्यांच्याही वरची एक पायरी तयार झाली. बगदादहून आलेल्या, व्यापारात झपाट्याने वर चढलेल्या ज्यूंनी 1836 मध्ये सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालून मागितली. बगदाद्यांनी बेने इस्रायलांना खाली ठेवायचं, गोऱ्यांनी काळ्यांना, आणि वरच्याकडून अपमान झाला की तोच खालच्याकडे ढकलायचा. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही उतरंड समजावून सांगावी लागत नाही.

2016 मध्ये या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा स्पष्ट आढळला आणि भारतीय वारसाही तितकाच भरघोस. हा संकर साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, त्यातही ज्यू वारसा अधिक पुरुषांकडून आणि भारतीय वारसा अधिक स्त्रियांकडून आलेला. समुद्रापलीकडून आल्याचा दावा या निष्कर्षाने बळकट केला, म्हणून अनेकांना आनंद झाला. तो मी समजू शकतो. पण हाच निष्कर्ष गोऱ्या-काळ्यांची भिंतही पाडतो. एवढ्या जुन्या काळी मिसळलेलं रक्त एका थरात शुद्ध आणि दुसऱ्यात भेसळीचं कसं असेल? जिला शतकानुशतकं काळ्यांची आई म्हणून वेगळं बसवलं, ती गोऱ्यांचीही आई होती.

तरीही या चाचणीवर विसंबायला माझं मन तयार नाही. सूचनापत्राच्या जागी थुंकीचा नमुना आला तर काय बदललं? सोव्हिएत संघातून आलेल्या काही कुटुंबांपुढे लग्नासाठी जनुकीय चाचणीचा पर्याय ठेवला गेला आणि तो वाद इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल बाजूने लागला तर सुटका, विरुद्ध लागला तर आजवर एका पंगतीला बसलेलं घर रातोरात परकं. एखाद्या बाईने चाळीस वर्षं मलिदा केला, उपास धरले, मुलांना प्रार्थना शिकवल्या, यापेक्षा तिच्या पेशीतला धागा जास्त खरा मानायचा, हे मला कुठल्याही धर्माच्या नावाने पटत नाही. कुटुंब निभावण्याने बनतं. दत्तक मुलाच्या आईला हे विचारा, सून होऊन आलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

अजूनही इस्रायलच्या भूमीवर नागरी विवाहाची सोय नाही. धर्मपीठाच्या कसोटीत न बसणारी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि परदेशात झालेलं ते लग्न सरकार नोंदवून घेतं. हा वळसा अपमानाचा आहे, आणि बेने इस्रायलांनी जेरुसलेमला उपसलेल्या कष्टांनंतर साठ वर्षांनीही तो टिकून आहे.

आपल्याकडे 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात आईच्या आईची चौकशी नाही. मात्र तीस दिवसांची नोटीस आहे, आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. त्या तीस दिवसांत चौकशी सरकार करत नाही. काका करतात, गावचे पुढारी करतात, जातीची संघटना दोन्ही घरांचे पत्ते उतरवून नेते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ही नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोपवलं. महाराष्ट्रातल्या विवाह-नोंदणी कार्यालयांतही ती सक्तीने फलकावर लागता कामा नये, आणि त्यासाठी खुद्द कायद्याचं कलम बदलायला हवं. दोन सज्ञान माणसं कुणाच्या रक्ताची आहेत हे लग्नाआधी महिनाभर जगाला कळवण्याची गरज कायद्याला का वाटावी, याचं एकही समाधानकारक कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.