‘आहे’ आणि ‘नाही असे नाही’

शेजारणीने ‘साखर आहे का हो घरात?’ म्हणून विचारावे आणि आपण ‘नाही असे नाही’ म्हणावे, यातली खोच मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वाटी भरून पुढे करणे निराळे आणि डबा अगदीच रिकामा नसल्याचे कबूल करणे निराळे. शाळेत शिकवतात त्या तर्कशास्त्राला मात्र हा फरक दिसत नाही. त्याच्या लेखी दोन नकारांचा एक होकार, आणि हिशेब चुकता!

तो चुकता झालेला नाही, असे ॲम्स्टरडॅमच्या ब्रौवर या गणितज्ञाने १९०८ साली बजावले. अमुक गुणाची संख्या आहे म्हणता, तर ती दाखवा, निदान काढण्याची रीत तरी सांगा. ‘ती नसती तर विसंगती आली असती’ एवढ्यावर भागायचे नाही. जर्मनीतल्या हिल्बर्टला हे मानवले नाही. गणितज्ञाची ही मुभा काढून घेणे त्याला खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण हिसकावून घेण्यासारखे वाटले. वाद पुढे पार व्यक्तिगत झाला. पंडितांचे होते तसेच.

मग १९३३ साली व्हिएन्नाच्या कुर्ट गडेलने एक तोड प्रसिद्ध केली. हिल्बर्टपक्षाने अंकगणितात ‘आहे’ म्हटले असेल तेथे ‘मुळीच नाही असे नाही’ लिहा. ‘हे किंवा ते’ म्हटले असेल तेथे ‘दोन्ही नाहीत असे नाही’ लिहा. असे केले की त्यांचे प्रत्येक प्रमेय ब्रौवरपक्षाच्या नियमांनीही सिद्ध होते. एकही वाटेत सांडत नाही! प्रमेये सगळी पोचतात. वाटीतली साखर तेवढी पोचत नाही. मला या तोडीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की काय पोचले नाही ते तिच्या शब्दांतच दिसते.

आज हा प्रश्न पुन्हा उभा आहे, आणि तो दोन तत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही. गणित आता संगणकाला पायरीन् पायरी तपासता येईल अशा काटेकोर भाषेत लिहिले जाते. अशा भाषा अनेक: लीन, रॉक, इझाबेल, होल लाइट. प्रत्येकीचा तर्क थोडा वेगळा आणि शब्दकोशही वेगळा. एकाला शून्याने भागले तर किती? लीनमध्ये सोयीसाठी उत्तर शून्य ठरवले आहे. रॉकच्या वास्तव संख्यांत ते काय, हे पूर्वी सांगितलेलेच नव्हते. तेव्हा एकीकडचे प्रमेय दुसरीकडे नेताना ‘भागाकार’ हा शब्द जुळला म्हणून अर्थ जुळलाच असे नव्हे. जर्मनीत ब्रेमेन येथे २००९ साली ‘लॅटिन’ नावाने तर्कपद्धतींचा एक नकाशाच आखायला घेतला गेला, तो कोणत्या पद्धतीतून कोणत्या पद्धतीत कोणत्या वाटेने जाता येते हे नोंदवण्यासाठी. जेथे वाट नाही, तेथे मात्र माणसाच्या सचोटीवरच भिस्त.

केप्लरने १६११ साली म्हटले होते, की सारख्या गोळ्यांची सर्वांत दाट रास म्हणजे फळवाल्याची संत्र्यांची रास. हे टॉमस हेल्स यांनी १९९८ साली सिद्ध केले. बारा परीक्षक कित्येक वर्षे खपले आणि नव्व्याण्णव टक्के खात्री देऊन थांबले. राहिलेला एक टक्का हेल्स यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी व सहकाऱ्यांनी सगळी सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली. काम २०१४ साली पुरे झाले. त्यातला आकृत्यांच्या वर्गीकरणाचा भाग इझाबेलमध्ये झाला होता, बाकीचे होल लाइटमध्ये. दोन्ही सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. तरी इकडचा निकाल तिकडे आपोआप उतरवील असे साधन हाताशी नव्हते. ‘तिकडे झालेच आहे’ म्हणून ते गृहीत धरले असते, तर कोण बोलणार होते? त्यांनी तसे केले नाही. होल लाइटमधल्या अखेरच्या विधानात तो निकाल उघड अट म्हणून लिहिला आहे: ते वर्गीकरण खरे असेल, तर केप्लरचे म्हणणे खरे. चारशे वर्षांच्या प्रश्नाच्या उत्तरात तो ‘तर’ अजून जागच्या जागी आहे.