कारण आणि दोष

कुणाला कर्करोग झाला की भेटायला आलेले लोक समोर विचारतात, "कसं कळलं?" आणि निघाल्यावर आपापसात विचारतात, "असं काय केलं असेल हो यांनी?" या दुसऱ्या प्रश्नात कारण आणि दोष एकच होऊन जातात. ते वेगळे आहेत, हे मला गाठीच्या गणिती मॉडेलमध्ये नीट दिसलं.

अशा मॉडेलमध्ये खलनायक नसतो. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक पेशीला मोजके नियम असतात: प्राणवायू पुरेसा असेल तर विभाजन, कमी पडला तर थांबणं, संपला तर मरणं. प्राणवायू रक्तवाहिनीतून झिरपतो, वाटेतल्या पेशी तो वापरत जातात आणि काही अंतरावर तो संपतो. १९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या नमुन्यांत हे अंतर मोजलं. जिवंत पेशींचा थर १८० मायक्रॉनच्या आसपास संपत होता. पलीकडे मृत पेशी. केसाच्या दोन-तीन जाडीएवढ्या अंतरात जगणं-मरणं ठरत होतं.

खरी गुंतागुंत सीमेवर आहे. तिथल्या गुदमरलेल्या पेशींना मारायला किरणांचा डोस अडीच ते तीनपट लागू शकतो. शिवाय पी५३ नावाचं एक प्रथिन बिघडलेल्या पेशीला मरायला लावतं. प्राणवायू तुटला की ज्यांच्यात ते शाबूत आहे त्या पेशी आधी मरतात, ज्यांच्यात ते निकामी झालंय त्या तग धरतात. नियम पाळणाऱ्या जातात, मोडणाऱ्या उरतात. आणि हे कुणीच ठरवलेलं नसतं.

हा हिशेब लगेच माणसांना लावायचा मोह होतो. पण माणूस परिस्थितीला नाही म्हणू शकतो. पेशीच्या कोडमध्ये ती ओळच नाही. म्हणून तिला दोष देता येत नाही. तिला मारावं मात्र लागतंच. एखादी गोष्ट समजून घेणं म्हणजे तिला माफ करणं नव्हे, आणि ती थांबवायला तिचा राग यावाच लागतो असंही नाही.

मग रुग्णाचं काय? त्याने तंबाखू खाल्ली असेल, तर ते कारण आहे आणि ते स्पष्ट बोललंच पाहिजे. कारण कळलं तर पुढचा माणूस वाचू शकतो. दोष देऊन कुणीच वाचत नाही. उलट लाजेपायी माणूस गाठ लपवतो, डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलतो. गाठ तेवढ्या काळात वाढत राहते. तिला लाज वाटत नाही.