दोन कायले लिवता?

शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की आमच्या स्टाफरूममध्ये एक सल्ला फिरतो, "सर, एक लिवला की झालं. दोन कायले लिवता?" देणारे बहुधा आमचे संस्कृतचे सर. अंजनगावच्या देवनाथ मठात त्यांची नेमाने हजेरी. दुसऱ्या नावापुढे पसंतीचा आकडा टाकायची वेळ आली की ते गीतेतल्या अव्यभिचारिणी, म्हणजे एकनिष्ठ, भक्तीचा दाखला देतात.

देवाच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मतपत्रिका म्हणजे देव्हारा नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेईलही, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बौद्ध भिक्खुसंघात मतदानाचे नियम होते, ही आठवणही त्याच भाषणातली.

सरांचा हिशेबही चुकतो. दोन लिहिल्याने एकचं वजन घटत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तो कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहतात. माझा माणूस रिंगणात आहे तोवर माझ्या दोनकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमरावती विभागात 27 उमेदवार होते. पहिल्या पसंतीवर कोटा कुणालाच मिळाला नाही; एकेक जण बाद होत गेला आणि शेवटी किरण सरनाईक निवडून आले. ज्यांनी नुसता एक लिहिला आणि तोही बाद झाला, त्यांच्या पत्रिका बाजूला पडल्या. याला निष्ठा म्हणायचं? मला तर तो रुसवा वाटतो. पाच जिल्ह्यांना मिळून एकच आमदार मिळणार. माझा नाही तर मग कोण, याचं उत्तर इतरांसोबत राहणाऱ्याला द्यावंच लागतं.

खुपतं ते वेगळंच. सगळ्यांची दुसरी पसंती असलेला, कुणाशी वैर नसलेला माणूस इथे पहिल्याच फेऱ्यांत गळतो. तेराव्या शतकात रेमन लल या गूढवाद्याने ख्रिस्ती जोगिणींच्या मठाची प्रमुख निवडायला प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करून कौल घ्यायचं सुचवलं. त्यात असा माणूस तगतो. पण 27 जणांच्या 351 जोड्या होतात. शिवाय फ्रेंच गणिती कोंदोर्से याने 1785 मध्ये दाखवलं तसं, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवू शकतो. तेव्हा लोकांचा कौल आधीच कुठेतरी ठरलेला असतो आणि मोजणी तो फक्त उघड करते, असं मला आता वाटत नाही. पुढच्या खेपेला मी मात्र पाचपर्यंत आकडे टाकणार आहे.